काकाजींची जीभ

खालच्या क्वार्टरमधले काकाजी जेवणाऱ्याच्या ताटाकडे बघत नसत, भुवयांकडे बघत. हा प्रकार पहिल्यांदा माझ्या वाट्याला आला तेव्हा मी लग्न होऊन भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये नुकती राहायला आले होते. सामान अजून पोत्यांत होतं. तेवढ्यात एक उंच, वाळका, बनियन घातलेला माणूस हातात वाटी घेऊन जिना चढून वर आला. "खालीच राह्यतो," एवढीच ओळख करून दिली आणि वाटी पुढे केली. वाटीत लाल भाजी होती, तुपाने चकाकणारी.

मी म्हटलं, "ठेवून द्या काकाजी, जेवताना खाते."

"जेवताना नाई, आता. मले पाहाचं हाय."

मी दारातच उभी राहून खाल्ली. ते वीतभर अंतरावरून माझ्या दोन डोळ्यांच्या मधोमध टक लावून बघत होते. मी गिळल्यावर त्यांनी मान हलवली. "भुवया जवळ नाई आल्या. म्हंजे आंबट बरोबर पडलं. तू पित्ताची दिसतं वं पोरी. थोडा वात. मिरची कमी खात जा." आणि वाटी घेऊन खाली गेले. नवऱ्याने आतून विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, माहीत नाही, पण मला पित्त आहे असं सांगून गेले.

पुढे कळलं की या कॉलनीत पित्त, वात आणि कफ यांतलं काही ना काही सगळ्यांना वाटून झालेलं आहे. दूधवाला कफ होता. पोस्टमन वात होता, कारण तो उभ्या उभ्या बोलताना पाय हलवायचा. माझ्या नवऱ्याला त्यांनी जिन्यावरून उतरताना नुसता ऐकला आणि "कफ" म्हणून मोकळे झाले. नवरा जेवून उठला की तिथेच डुलक्या घ्यायचा, त्यामुळे मला वाद घालता आला नाही. अख्ख्या भिलाईची प्रकृती त्यांच्या मते पित्ताची होती. "भट्ट्या पेटून राहिल्या रात्रंदिवस, दुसरं काय होईन?" असं ते स्टील प्लांटच्या चिमण्यांकडे हात करून विचारायचे.

स्वतः ते त्याच प्लांटमधून रिटायर झालेले. भंडाऱ्याकडचं शेतकऱ्याचं घर, वडील इकडे कामाला आले आणि इथेच राहिले. काकाजींची सारी नोकरी कोळसा भाजायच्या भट्ट्यांच्या, म्हणजे कोक ओव्हनच्या बाजूला गेली, जिथे हवेला डांबरगोळ्यांचा वास असतो. अशा ठिकाणी राहून माणसाचं नाक इतकं तल्लख कसं राहतं, हे कोडं मला कधी सुटलं नाही. सुपेल्याच्या बाजारात ते दुधी हातात घेऊन देठाशी वास घ्यायचे आणि हा कालचा, हा परवाचा, असं भाजीवालीच्या तोंडावर सांगायचे. ती त्यांना लांबून येताना बघूनच टोपलीवर ओलं फडकं टाकायची.

हे वेड आलं कुठून, ते मी काकूंना विचारलं होतं. काकू म्हणजे त्यांची बायको, ठेंगणी, गोल, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, "नाइट शिफ्टनं पोट बिघडलं होतं त्याइचं. एका वैदानं औषध नाई देल्लं, नुसत्या भाज्या बदलून देल्ल्या. पोट बरं झालं, मानूस बिघडला." वैदाकडची जुनी पोथी काकाजींनी आणली, पाठ केली, आणि त्या दिवसापासून घरातली चूल काकूंच्या हातून गेली. नाइट शिफ्टला असतानाही सूर्य मावळायच्या आत जेवायचे म्हणे, आणि रात्री बाकीचे लोक डबा उघडून बसले की हे त्यांच्या भुवया बघत फिरायचे.

त्यांचा पालेभाजीचा नियम मी अजून विसरलेले नाही. भाजी आधी उकडायची, मग धुवट गमच्यात बांधून दोन्ही हातांनी पिळायची, पाणी फेकायचं, आणि पिळलेला गोळा भरपूर तुपात परतायचा. पालेभाजी तशीच खाल्ली तर मळ वाढवते, पोट जड करते, पिळली की सज्जन होते. हे पिळणं बघण्यासारखं असायचं. दातओठ खाऊन, मनगटं उलटी फिरवून, एखाद्या शत्रूचा गळा धरल्यासारखे ते पिळायचे. पाणी पपईच्या झाडाला जायचं. ती पपई सगळ्या लायनीत धष्टपुष्ट होती. काकू म्हणायच्या, "सारा जीव तर झाडानं पेला, आपल्याले निसता चोथा."

ऋतूप्रमाणे भाजी बदलायची. श्रावणात पालेभाजी बंद, भादव्यात दही बंद. थंडीत तिळाचं तेल, उन्हाळ्यात कोहळा, दुधी, पडवळ. मुळा आणि दूध एका जेवणात आलं तर ते घर सोडून जायला निघायचे. आवळ्याचे, लिंबाचे, आल्याचे चिनीमातीचे सट खोलीभर ठेवलेले, आणि कोणत्या सटाला कोणत्या दिशेचं ऊन किती दाखवायचं हे त्यांच्या डोक्यात पक्कं. यातलं खरं किती, याचा मी नेहमी विचार करायचे. माझं पित्त त्यांच्या सांगण्यानुसार वागल्यावर कमी झालं, हेही खरं, आणि माझ्या सासूचं ढिम्म कमी झालं नाही, हेही खरं.

काकू या सगळ्यातून वाट काढत. आठवड्यातून दोनदा त्या "देवळात" जायच्या. देऊळ सेक्टरातच होतं, पण काकूंचा देव सुपेल्याच्या चौकात असायचा. तिथे त्या समोसा खायच्या, वर गुपचुप, म्हणजे इथली पाणीपुरी, खायच्या, आणि पदराने तोंड पुसून घरी यायच्या. कधी कधी मलाही सोबत नेत. काकाजींना त्याचा वास कसा आला नाही, हे मला नवलच वाटायचं. भाजीवालीच्या दुधीचं वय ओळखणारं नाक बायकोच्या पदराशी कसं काय गप्प बसायचं?

दोघांचं खरं भांडण वाळवणावरून असायचं. वाळवलेली भाजी वात वाढवते, कोरडी असते, पचायला वाईट, म्हणून त्यांच्या पोथीत वर्ज्य. अपवाद एक, मुळा. वाळलेला मुळा मात्र तिन्ही दोषांना चालतो. म्हणून उन्हं तापली की काकाजी गच्चीवर फक्त मुळ्याच्या चकत्या वाळवत. त्याआधी चिमणीचा धूर कुठे वळतोय ते पाहत, कारण वारा प्लांटकडून आला की वाळवणावर काळी भुकटी बसते. काकूंच्या माहेरी मात्र वांगी, टमाटर, गवार, सगळं वाळवून पावसाळ्यात खायची रीत. त्यांनी तोडगा काढला. वांग्याच्या फोडी त्या माझ्या खाटेवर, माझ्या चादरीवर, माझ्या नावाने वाळवू लागल्या.

एक दिवस काकाजी धूर बघायला वर आले आणि खाट त्यांच्या नजरेस पडली. "हे कोनाचं?" काकू मागेच होत्या. त्यांनी पापणी न लववता माझ्याकडे बोट केलं. काकाजींनी माझ्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं की मला रागही येईना. "तरीच तुह्ये गुडघे वाजतात," ते म्हणाले. माझे गुडघे वाजत नव्हते. पण त्यानंतर महिनोन्‌महिने माझ्याकडे खालून सुंठ घातलेलं तूप येत राहिलं, वात उतरावा म्हणून. काकू पावसाळाभर वांग्याच्या फोडी माझ्याच स्वयंपाकघरात बसून खायच्या आणि माझ्या वाताची चौकशी करायच्या.

आणि कोहळा. त्याला इथले लोक रखिया म्हणतात आणि उडदाच्या डाळीत किसून त्याच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालतात. काकूंना बड्या हव्या असत. काकाजींना कोहळेपाक हवा असे. वेल दरवर्षी अंगणातल्या कुंपणावर चढायचा, फळावर धुक्यासारखी पांढरी भुकटी धरली की खाली रोज वाद सुरू. दरवर्षी पाकच व्हायचा, कारण कोहळ्याला पहिला घाव पुरुषाने घालायचा, बाईने नाही, ही रीत दोघंही मानत. सुरी काकाजींच्या हातात, म्हणून निर्णयही त्यांचाच.

मग तो ताप आला, जो लॉकडाऊनच्या साली सगळ्यांना आला. काकूंना नुसता खोकला झाला. काकाजी पंधरवडाभर निजून होते. बरे झाले, उठले, आवळ्याच्या सटाचं झाकण उघडलं आणि तसेच उभे राहिले. नाकाला काही लागेना. आवळा तोंडात टाकला, तोंडालाही काही लागेना.

डॉक्टर म्हणाले, होतं असं, हळूहळू येईल, तोवर खात राहा. पण खात राहणंच काकाजींच्या पोथीत बसत नव्हतं. त्यांचा सगळ्यात मोठा नियम असा की ज्या घासाला जीभ हो म्हणत नाही तो पोटात शिजत नाही, सडतो. आयुष्यभर लोकांना हेच सांगितलेलं. आता स्वतःवर वेळ आली तर मोडायचा कसा? त्यांनी जेवण सोडलं. पेज, मुगाचं पाणी, बस. महिना उलटला. मुळातच वाळका माणूस, आता बनियनमधून हाडं मोजता यावीत असा झाला. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला ते बघवत नव्हतं. काकूंनी देवळात जाणं सोडलं, आणि या वेळी दोन्ही देवळांत.

"हा मानूस नियमानं मरते," एक दिवस त्या माझ्या ओट्याशी बसून रडल्या. "तापानं जगू देल्लं, नियम नाई जगू देत."

त्यातून पहिली फट पडली ती रागाने. काकूंनी पेजेत चिमूटभर नव्हे, चांगला चमचाभर हिरव्या मिरचीचा ठेचा कालवला. मी तिथेच होते. काकाजींनी वाटी तोंडाला लावली, दोन घोट घेतले, आणि त्यांच्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. काकू पाणी घेऊन धावल्या. काकाजींनी हाताने थांबवलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी, भुवया शोधणारी नजर आली.

"तिखट हाय," ते म्हणाले. "चव नाई लागली. पन डोये सांगून राहिले. गाल सांगून राहिले."

दुसऱ्या दिवशी ते खाटेवर उठून बसले होते आणि पुढे सहा वाट्या होत्या. पोथीत प्रत्येक चवीची ओळख दिलेली आहे, जिभेपलीकडची, ते मला सांगू लागले. तिखटाने नाकडोळे वाहतात. आंबटाने दात शिवशिवतात, अंगावर काटा येतो. खारटाने तोंडाला पाणी सुटतं. तुरटाने जीभ जड होते, घसा आवळतो. कडूने तोंड धुतल्यासारखं होतं. मला डोळे मिटायला लावून त्यांनी एकेक खाऊ घातलं आणि विचारलं, "कुठं झालं? दाताले का घशाले?" मग स्वतः खाल्लं आणि आमचं दोघांचं जुळतं का ते पाहिलं. कच्चं केळं जुळलं. चिंच जुळली. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

पण सहावी वाटी गुळाची होती. गोडाची खूण काहीच नाही. तोंड माखल्यासारखं होतं आणि जिवाला बरं वाटतं, एवढंच लिहिलेलं. काकाजींनी गूळ चघळला, वाट पाहिली, आणि वाटी बाजूला सारली. "मले काई बरं-बिरं वाटून नाई राहिलं."

"नसेना का वाटत," मी म्हटलं. "बाकी पाच तर कळल्या."

"अवं, भात गोड. गहू गोड. दूध, तूप, दुधी, सारं गोड. अंग त्याच्यानंच बनते. मिरची न् चिंच खाऊन मानूस जगते का?" त्यांचा तर्क बिनचूक होता आणि त्या तर्काने ते पुन्हा भिंतीकडे वळले.

थंडी पडली. कुंपणावर कोहळा पिकला, चांगला मोठा. एका सकाळी खाली धप्प आवाज आला म्हणून मी गेले. काकूंनी कोहळा काकाजींच्या खाटेवर, त्यांच्या पोटाशी आणून ठेवला होता आणि शेजारी सुरी.

"घाव घाला."

"मले नाई होत. वरून त्याले बोलाव." म्हणजे माझ्या नवऱ्याला.

"परका पुरुष कावून बोलावू? घरचा हाय न अजून."

काकाजी उठले. दोन्ही हातांनी दाबली तेव्हा सुरी बसली. दोन फाकी झाल्यावर त्यांनी सुरी काकूंकडे सरकवली. "घाल आता तुह्या बड्या."

"बड्या नाई. पाक करा."

काकाजींनी संशयाने तिच्याकडे बघितलं. लग्नापासून जिने पाकाच्या नावाने कपाळाला हात लावला, ती पाक मागत होती. त्यांना खाटेवरून उठवून चुलीशी बसवायचा काकूंचा डाव मला कळला आणि डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी वेलदोडे सोलायला घेतले.

पाक दिवसभर चालला. फोडी उकडून पिळल्या, पण या वेळी पाणी पपईला नाही. ते ठेवायचं आणि त्यातच खडीसाखर विरघळवायची. पिळलेला गर उन्हात जरा सुकवून तुपात मधाच्या रंगावर परतायचा, मग साखरेचं पाणी, शेवटी सुंठ, मिरं, पिंपळी. रंग डोळ्याने कळतो, तार बोटाने. मधेमधे ते चुलीशी बसून घ्यायचे, दम लागायचा, पण हात थांबला नाही. गोड मात्र बरोबर पडलं का, हे कळायला मार्ग नव्हता. मी चाखायला निघाले तर म्हणाले, "तू नको. तू आम्हाले खूश कराले काईबी सांगशीन. मुंगी खोटं नाई बोलत."

पोथीत गोडाची आणखी एक ओळख होती. मुंग्यांना जे आवडतं ते गोड. त्यांनी पानावर चमचाभर पाक घेऊन तो ओसरीच्या पायरीवर ठेवला आणि आम्ही दोघं समोर उकिडवे बसलो. मुंग्या भिंतीकडेने येत होत्या, पायरीजवळ यायच्या, मिशा हलवायच्या आणि मागे फिरायच्या. एकही पानावर चढेना.

"कमी पडलं गोड," म्हणून काकाजी आत गेले आणि पाकात आणखी खडीसाखर घातली. पुन्हा पान, पुन्हा मुंग्या, पुन्हा माघार. पुन्हा साखर. कोहळ्याचा गर किती आणि साखर किती, याचा हिशोब सुटला होता. संध्याकाळी काकूंनी देवापुढे दिवा लावला आणि त्या वाटी घेऊन येऊन बसल्या. "द्या इकडे." भरला चमचा तोंडात घातला. गिळला. "बरोबर झाला," म्हणाल्या. मीही चमचा घेतला. माझे दात अक्षरशः ठणकले.

काकाजी विचारात पडले होते. "बरोबर हाय तर मुंग्या कावून नाई येत?"

"कश्या येतीन? दिवाळीले पायरीवर मुंग्यांचा खडू ओढला न मी. अजून हाय तो."

आम्ही वाकून पाहिलं. फरशीच्या कडेने फिकट पांढरी रेघ होती. एवढा बारीक नजरेचा माणूस, पण इतका वेळ मुंग्यांकडे बघत बसला आणि रेघ दिसली नाही. मलाही दिसली नाही. मला हसू फुटलं, पण काकाजींचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"म्हंजे पाक तर पयलेच गोड होता," ते सावकाश म्हणाले. "न् मी त्याच्यात साखर टाकत गेलो. तुले खाऊन समजलं नाई?"

"समजलं न."

"मंग बोलली कावून नाई?"

काकूंनी वाटी खाली ठेवली. "आज बोलू का? लग्न होऊन आली तवापासून तुमच्या हातचं पिळलेलं, अळनी खाऊन राहिली मी. कधी चव नाई लागली मले. जीभ कधी हो म्हनली नाई. तुमी केलं म्हनून खाल्लं. मले काई झालं का? सडलं का पोटात?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी काही साक्ष देईन म्हणून. मी बाहेर बघू लागले.

"एक दिवस नाई?" त्यांनी विचारलं.

"मुळा बरा राह्यचा," काकू म्हणाल्या. "कधीमधी." मग त्या उठून उभ्या राहिल्या. "आता तुमी खा. चव नाई तर नाई. मी वाढलं म्हनून खा."

त्या आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. भात, वरण, दुधीची भाजी. काकाजींपुढे ठेवलं आणि समोर मांडी घालून बसल्या. कितीतरी वेळ ते हात लावेनात. मला वाटलं, हा माणूस नाहीच ऐकणार. मग त्यांनी भातात दुधी कालवला, घास केला, तोंडात घातला आणि चावत राहिले.

"काय लागते हे?" गिळून झाल्यावर त्यांनी विचारलं.

काकूंनी त्यांच्याच ताटातली एक फोड उचलून खाल्ली. "तुमच्याच पद्धतीनं केली हाय मी," त्या म्हणाल्या. "काईच नाई लागत."

"मले पन नाई लागत," काकाजी म्हणाले, आणि त्यांनी दुसरा घास घेतला.